निकाल ठरलेला, म्हणूनच जबाबदारी अधिक

अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीच्या संदर्भात नीतीचा प्रश्न कोणी उपस्थित केला, की सुशिक्षित घरांतून एक ठरावीक उत्तर येते, ‘अहो, ते सारे खोटेच असते, त्यात कसली आली नीती!’ या एका वाक्याने सगळेच सुटतात. दाखवणारा सुटतो, पाहणारा सुटतो आणि दिवाणखान्यात मुलांशेजारी बसून चॅनल न बदलणारे वडीलधारेही सुटतात. दुसरीकडे या खेळाचे कट्टर चाहते आहेत. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा ज्यांच्या दप्तरांत मल्लांची उंची, वजन आणि छातीचे माप छापलेले पत्ते असत, ती पिढी आज स्वतः पालक झाली आहे. तिचे उत्तर निराळे, पण तितकेच सोयीचे असते : ‘करमणूक आहे, मनावर घेऊ नका.’

ही दोन्ही उत्तरे मुळातच चुकीची आहेत. लढतीचा निकाल आधी ठरलेला असतो हे खरे. परंतु त्यामुळे नीतीचा प्रश्न संपत नाही; उलट तो तेथूनच सुरू होतो.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात एखादा मल्ल चितपट झाला, तर त्या पराभवाला कोणी लेखक नसतो. ताकद, डाव, दम आणि दैव यांचा तो निवाडा असतो. व्यावसायिक कुस्तीत मात्र कोण जिंकणार, कोणाला किती मिनिटे मिळणार, कोणी कोणापुढे गुडघे टेकायचे, हे सारे कोणीतरी खोलीत बसून लिहिते, कोणीतरी मान्य करते आणि कोणीतरी त्याचे पैसे मोजते. अपघाताला तेथे जागाच नाही. तेव्हा या खेळात स्त्रीची जी प्रतिमा दिसते, ती चालकांच्या मनाची हुबेहूब नक्कल असते. शिवाय खोटा असतो तो फक्त निकाल. अंगावर पडणारा भार, निखळणारे सांधे आणि मानेला बसणारे हिसके खरेच असतात. शरीर खरे, कष्ट खरे आणि अपमान मात्र लिहून दिलेला, असा हा व्यवहार आहे.

संहितेतील अवहेलना

‘डब्ल्यूडब्ल्यूई’ हे आज जगभर परिचित असलेले नाव कंपनीने २००२ साली घेतले. त्यापूर्वी ती ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ होती. मार्च २००१ मध्ये तिच्या साप्ताहिक कार्यक्रमात ट्रिश स्ट्रॅटस या कुस्तीगीर तरुणीला भर रिंगणात हातापायांवर रांगायला, कुत्र्यासारखे भुंकायला आणि अंगावरील वस्त्रे उतरवायला लावण्यात आले. हुकूम देणारे पात्र होते कंपनीच्या मालकाचे आणि ते वठवणारे होते प्रत्यक्ष मालक व्हिन्स मॅकमहोन! नट आणि पात्र यांच्यातील अंतराचा आधार घेऊन येथे कोणती पळवाट काढणार? त्याच काळात प्रतिस्पर्धी स्त्रीची वस्त्रे ओढून काढणारी जिंकली, अशा नियमाच्या लढती राजरोस होत. १९९९ साली चायना या बलदंड स्त्रीने पुरुषांकडे असलेले इंटरकॉन्टिनेन्टल अजिंक्यपद मिळवले, तेव्हाही त्या लढतीची हत्यारे म्हणून स्वयंपाकघरातील वस्तू रिंगणात मांडल्या होत्या. विजय तर द्यायचा, पण तिची खरी जागा कोठे आहे याची आठवणही करून द्यायची!

ट्रिश यांच्यात गुणवत्ता नव्हती म्हणून हे घडले काय? त्याच ट्रिश यांनी पुढे सात वेळा महिला अजिंक्यपद मिळवले. डिसेंबर २००४ मध्ये लिटा यांच्याविरुद्धची त्यांची लढत त्या साप्ताहिक कार्यक्रमाची अखेरची, म्हणजे सर्वांत मानाची लढत ठरली. गुण तेव्हाही होता; तो पाहण्याची इच्छा नव्हती.

बाजाराची सबब

चालकांचा नेहमीचा बचाव असा, की प्रेक्षक मागतात ते आम्ही देतो. हा बचाव इतिहासाला धरून नाही. जपानमध्ये १९८० च्या दशकात ‘क्रश गल्स’ या महिला जोडीच्या लढती पाहण्यासाठी शाळकरी मुलींची झुंबड उडत असे. १९९४ साली केवळ महिलांच्या लढतींचा भव्य कार्यक्रम टोकियो डोममध्ये झाला. तेथे प्रेक्षक आले ते कुस्तीसाठी, वस्त्रहरणासाठी नव्हे. जपानची ती व्यवस्थाही निर्दोष नव्हती. सव्विसाव्या वर्षी स्त्रीने निवृत्त व्हावे, असा तिचा दंडक होता. परंतु अवहेलना केल्यावाचून महिलांची कुस्ती विकली जात नाही, हे म्हणणे तिने कायमचे खोटे पाडले.

खुद्द अमेरिकेतही चाहत्यांनीच ही सबब मोडून काढली. २३ फेब्रुवारी २०१५ रोजी तीन तासांच्या कार्यक्रमात चार महिलांची एक जोडीलढत अवघ्या अर्ध्या मिनिटात उरकण्यात आली. त्या रात्री चाहत्यांनी समाजमाध्यमांवर ‘महिलांना संधी द्या’ अशी जी मागणी लावून धरली, ती जगभर गाजली. दुसऱ्याच दिवशी ए. जे. ली या कुस्तीगीर महिलेने मालकाच्या कन्येला जाहीरपणे सुनावले, की महिलांच्या नावाचा माल विक्रमी खपतो, त्यांचे प्रसंग सर्वाधिक पाहिले जातात, पण मोबदला आणि वेळ मात्र पुरुषांच्या काही अंशच मिळतो. नोकरीत असलेल्या स्त्रीने मालकाच्या घरातील व्यक्तीला असे सुनावण्यास धैर्य लागते.

त्यानंतर बदल झाला, हे मान्य केलेच पाहिजे. फुलपाखराचे गुलाबी चित्र असलेला ‘दिवा’ अजिंक्यपदाचा पट्टा २०१६ मध्ये बाद झाला आणि त्याच्या जागी ‘महिला अजिंक्यपद’ हे सरळ नाव आले. २०१८ च्या जानेवारीत महिलांची पहिली ‘रॉयल रंबल’ झाली. ७ एप्रिल २०१९ रोजी बेकी लिंच, राँडा राउझी आणि शार्लट फ्लेअर यांची लढत ‘रेसलमेनिया’ची अखेरची लढत ठरली. पहिली ‘रेसलमेनिया’ १९८५ सालची. म्हणजे या एका मानासाठी महिलांना ३४ वर्षे थांबावे लागले.

समता, पण सोयीपुरती

तथापि ही समता तत्त्वाची होती की विक्रीची? याची कसोटी २०१८ मध्येच लागली. त्या वर्षी कंपनीने सौदी अरेबियाच्या क्रीडा प्राधिकरणाशी दहा वर्षांचा करार केला. एप्रिलमध्ये जेद्दा येथे झालेल्या कार्यक्रमात एकही महिला कुस्तीगीर नव्हती. पडद्यावर जाहिरातीत महिला क्षणभर दिसल्या, तर तेथील प्राधिकरणाने त्याबद्दल प्रेक्षकांची क्षमा मागितली. २८ ऑक्टोबरला न्यूयॉर्कजवळ केवळ महिलांचा ‘इव्होल्यूशन’ हा कार्यक्रम वाजतगाजत झाला आणि अवघ्या पाच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, हीच कंपनी महिलांना घरी ठेवून रियाधमध्ये उतरली. पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या होऊन तेव्हा एक महिनाही झाला होता. रविवारी समतेचा उत्सव आणि शुक्रवारी समतेला सुटी, असा हा हिशेब होता.

३१ ऑक्टोबर २०१९ रोजी नतालिया आणि लेसी इव्हान्स यांची लढत रियाधमध्ये झाली आणि पुढे तेथे महिलांच्या लढती नियमित होऊ लागल्या, ही समाधानाची गोष्ट. पण त्या पहिल्या लढतीत दोघींना नखशिखान्त अंग झाकणारा पोशाख घालावा लागला. येथे आपल्याकडील सात्त्विक टीकाकारांनी क्षणभर थांबून विचार करावा. व्यावसायिक कुस्तीतील स्त्रीविषयी आपल्या घरांत आक्षेप घेतला जातो तो बहुधा तोकड्या वस्त्रांपुरताच. मग अंग पूर्ण झाकले की प्रश्न सुटला काय? एका देशात मालक वस्त्रे उतरवायला लावतो, दुसऱ्या देशात यजमान चढवायला लावतो. दोन्हीकडे तिला विचारतो कोण? मर्यादा कापडाच्या लांबीवर मोजली जात नाही. ती निर्णय कोणाच्या हाती आहे यावर मोजली जाते.

‘इव्होल्यूशन’चा दुसरा कार्यक्रम व्हायला जुलै २०२५ उजाडावे लागले. दरम्यान, मे २०२२ मध्ये साशा बँक्स आणि नेओमी या जोडी-अजिंक्यपद धारण करणाऱ्या दोघींनी आपल्या वाट्याला येणाऱ्या कथानकाला आक्षेप घेऊन कार्यक्रम सोडला, तेव्हा कंपनीने त्यांना निलंबित केले आणि आपल्याच समालोचकांकरवी त्यांना दोष दिला. येथील कुस्तीगीर कायद्याच्या भाषेत नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार मानले जातात. नोकरीची सुरक्षा नाही, पण आज्ञापालन मात्र नोकराचेच!

आणि रिंगणाबाहेर काय होते? २०२२ साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने वृत्त दिले, की मॅकमहोन यांनी १६ वर्षांत चार महिलांना गप्प राहण्याच्या करारांपोटी १ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले होते. ते पायउतार झाले, २०२३ मध्ये परतले आणि जानेवारी २०२४ मध्ये एका माजी महिला कर्मचाऱ्याने लैंगिक अत्याचाराचा दावा दाखल केल्यानंतर पुन्हा पायउतार झाले. हे आरोप त्यांनी नाकारले आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयानेच करावयाचा आहे. परंतु असे दोन करार कंपनीपासून दडवल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या रोखे नियामकाशी त्यांनी जानेवारी २०२५ मध्ये तडजोड केली आणि ४ लाख डॉलरचा दंड भरला, ही नोंद झालेली गोष्ट आहे. ‘ते सारे खोटेच असते’ असे म्हणणाऱ्यांनी यातले नेमके काय खोटे, ते सांगावे.

आपल्या आखाड्याचा आरसा

परकीयांकडे बोट दाखवताना आपला आखाडाही तपासावा लागेल. १९५० च्या दशकात अलीगढच्या हमीदा बानू पुरुष मल्लांना आव्हान देत देशभर फिरल्या. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्याला त्यांनी बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवले. मल्लविद्येची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुरात मात्र एका पुरुषाला हरवल्याबद्दल त्यांच्या वाट्याला हुर्यो आणि दगड आले. मुंबई राज्यात त्यांच्या लढतींवर बंदी आली, तेव्हा मोरारजी देसाई यांनी दिलेले कारण असे, की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही, तर आयोजक त्यांच्यासमोर डमी मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. म्हणजे नुरा कुस्तीचा आरोप होता आयोजकांवर, पण आखाडा बंद झाला तो हमीदा बानूंचा!

पुढचा काळही फार अभिमानाचा नाही. ‘महाराष्ट्र केसरी’ १९६१ पासून होते. महिलांची पहिली ‘महाराष्ट्र केसरी’ मार्च २०२३ मध्ये सांगलीला झाली आणि प्रतीक्षा बागडी यांनी ती जिंकली. अमेरिकेतील ३४ वर्षांना हसणाऱ्यांनी हा ६२ वर्षांचा हिशेबही मांडावा. त्याच २०२३ साली देशासाठी पदके आणणाऱ्या महिला मल्लांना लैंगिक छळाच्या तक्रारीची दखल घेतली जावी म्हणून जंतरमंतरवर बसावे लागले. स्त्रीला देवी म्हणणाऱ्या समाजाने तिचे गाऱ्हाणे पहिल्याच दिवशी ऐकून घ्यायला हवे होते. तेथे पक्ष आणि गट आड येता कामा नयेत.

चाहत्याचे कर्तव्य

मग हा खेळ पाहूच नये काय? बहिष्काराने आपले हात स्वच्छ राहतील, पण रिंगणातल्या स्त्रीच्या स्थितीत काही फरक पडणार नाही. फरक पडतो तो जाणत्या चाहत्यामुळे. मार्च २०१८ मध्ये कंपनीने ‘रेसलमेनिया’तील महिलांच्या सामूहिक लढतीला फॅब्युलस मूला या दिवंगत महिला कुस्तीगिराचे नाव दिले. आपल्या हाताखालील तरुणींची कमाई त्यांनी लाटली आणि त्यांना शोषणाच्या खाईत लोटले, असे गंभीर आरोप त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी केले होते. चाहत्यांनी हे आरोप पुढे आणले, प्रायोजक असलेल्या स्निकर्स चॉकलेटच्या कंपनीकडे दाद मागितली, प्रायोजकाने नापसंती कळवली आणि अवघ्या काही दिवसांत ते नाव वगळण्यात आले. जे काम कंपनीच्या संचालकांना सुचले नाही, ते तिकीट काढणाऱ्यांनी करून दाखवले.

योगायोग असा, की ८ एप्रिल २०१८ रोजी झालेल्या त्याच लढतीत हरियाणातील जुलान्याच्या कविता दलाल उतरल्या होत्या. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारोत्तोलनाचे सुवर्णपदक मिळवलेल्या, एका मुलाची आई असलेल्या कविता जालंधरला ग्रेट खली यांच्या अकादमीत शिकल्या आणि २०१७ मध्ये अमेरिकेतील रिंगणात सलवार-कमीज घालून लढल्या. तो पोशाख कोणी लादला नव्हता, म्हणून तो शोभला. २०२१ साली त्यांचा करार संपला. पण आपल्या वेषात, आपल्या अटींवर रिंगणात उभे राहता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

घरात हा कार्यक्रम चालू असेल तर पालकांनी तो बंद करण्याची घाई करू नये. मुलांशेजारी बसावे आणि विचारावे, ही हरली की हिला हरवले? हे लिहिले कोणी? हिला किती वेळ दिला आणि त्याला किती? असे प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलाला लागेल, तो उद्या कचेरीत, कारखान्यात, तालमीत आणि स्वतःच्या घरातही हेच विचारील. निकाल ठरवणारा हात ओळखायला शिकणे, हाच खरा संस्कार होय.