रेडिओ डिजिटल करा, पण जुना संच मुका करू नका

शेतकरी बंधूंनो, बाजारात ‘डिजिटल’ लिहिलेला रेडिओ दिसला की लगेच पैसे मोजू नका. काट्याऐवजी आकडे दिसतात म्हणून संच डिजिटल होत नाही. ते आकडे नुसतं स्टेशन दाखवतात. आवाज जुन्याच पद्धतीने येतो.

मग खरा डिजिटल रेडिओ कोणता? जुन्या मध्यम लहरीच्या प्रक्षेपणात आवाजाचे चढउतार जसेच्या तसे लहरीवर स्वार होतात. वाटेत विजेची, मोटारीची खरखर मिसळली की तीही कानावर येते. डिजिटलमध्ये आधी आवाजाचे आकडे करतात आणि ते अनेक बारीक लहरींवर वाटून सोडतात, पाटाचं पाणी सऱ्यांत सोडावं तसं. सोबत थोडे जादा आकडे असतात. काही वाटेत गळाले तरी संच हिशेब जुळवतो. आवाज स्वच्छ येतो. पडदा असेल तर हवामानाचा इशारा वाचताही येतो.

खोट एकच. लहर क्षीण झाली तर जुना रेडिओ खरखरत का होईना, बोलतो. डिजिटलचं तसं नाही. विहिरीचं पाणी फूटव्हॉल्व्हखाली गेलं की पंप हवा ओढतो ना, तसा हा संच एकदम मुका होतो.

आकाशवाणीने डीआरएम नावाची पद्धत निवडून देशात ३० हून अधिक मध्यम लहरी प्रक्षेपक त्यासाठी बसवले. पण तो कार्यक्रम पकडणारा संच खेड्यात किती घरांत आहे? गावच्या दुकानात तो मागून बघा, म्हणजे कळेल. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, पण तिथे डिजिटल रेडिओ १९९५ पासून सुरू होता. लोकांना २२ वर्षं मिळाली.

कोणी म्हणेल, मोबाईल आहे की! आहे, पण वादळात वीज गेली, टॉवर बंद पडला, की ॲप काय कामाचं? तेव्हा दोन सेलवरचा रेडिओच गावाला सावध करतो.

एकाच प्रक्षेपकावरून जुनं आणि डिजिटल, दोन्ही प्रक्षेपण सोबत करता येतं. म्हणून आमचं म्हणणं साधं आहे: परवडणारा संच तालुक्याच्या बाजारात येईपर्यंत जुनी लहर बंद करू नये. सरपंच, ग्रामसेवकांनी येत्या ग्रामसभेत असा ठराव घेऊन वर पाठवावा. रेडिओ मुका झाल्यावर ओरडून उपयोग नाही.