शिखरावरचे हॅलोजन

दिवाळीत आमच्या बस्तीच्या शिखरावर चार हॅलोजन लावतात. सहाला पेटतात ते रात्री बारापर्यंत, कारण हुबळीचा बाजार फिरून आलेली मंडळी फोटो काढायला उशिरा येतात. यंदा अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडू चढवायला गेले, तर पायऱ्यांवर तुडतुड्यांचा आणि पतंगांचा सडा. झाडणाऱ्या बाईने ते सुपात भरले. सूप भरलं हो! आणि आत आम्ही ‘अहिंसा परमो धर्म’ म्हणतोय.

कमिटीतल्या एकांना विचारलं, तर म्हणाले, “अक्का, वर्षातनं एकदा सण. लाइट नसली तर फोटो येत नाही.”

बायांनो, दिवस मावळायच्या आत आपण स्वयंपाकघर आवरतो ते कशासाठी? दिव्यावर किडे येतात, ताटात पडतात, म्हणूनच ना? पाणी गाळून पितो, पालेभाजी पान-पान बघून निवडतो. मग तेच किडे देवाच्या दारात भाजले तर चालतात?

सण म्हणाल, तर तो कुणाचा? याच अमावास्येला पहाटे पावापुरीला महावीरांचं निर्वाण झालं. संध्याकाळी गौतम गणधरांना केवलज्ञान झालं. आचार्य जिनसेनांच्या हरिवंशपुराणात, म्हणजे शक ७०५ मध्ये, पावानगरी दिव्यांनी उजळल्याचं वर्णन आहे आणि तिथेच ‘दीपालिका’ हा शब्दही येतो. म्हणजे दिवे आपलेच आहेत, मी दिव्यांच्या विरुद्ध नाही. तेलाच्या दिव्यातही जीव मरतो, असं कुणी म्हणेल. मरतो. म्हणूनच माझी आजी दिवा काचेच्या आत ठेवायची आणि आरती झाली की शांत करायची. सहा तास शिखर भाजत ठेवायची नाही.

आता फोटोचं. मीही काढते, लपवत नाही. भाच्याने शिकवलं तेव्हा कळलं, की बारा वाजताचा फोटो मुळात वाईटच येतो. आभाळ काळंकुट्ट, त्यामुळे फोन उजेड वाढवतो आणि हॅलोजनच्या जागी नुसते पांढरे डाग उमटतात. खरी वेळ सूर्य मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांची. आभाळात निळसर उजेड असतो, शिखराची रेघ आपोआप दिसते, खाली पणत्या पुरतात. पडद्यावर ज्योतीवर बोट ठेवायचं, उजेड जरा खाली ओढायचा. नाइट मोडमध्ये फोन पाठोपाठ बरेच फोटो घेऊन जोडतो, म्हणून हात हलू द्यायचा नाही, कोपर कठड्यावर टेकवायचं. हॅलोजन कशालाच लागत नाही.

असाच निळा उजेड पहाटेही असतो, अगदी लाडू चढवायच्या वेळी. पण तेव्हा फोटोवाले झोपलेले! लाडवाला आम्ही अकरा जण होतो, त्यात नऊ बायका.

पुढच्या मीटिंगला मी लेखी अर्ज देणार आहे. शिखरावर हॅलोजन नको, माळा आठला बंद, पणत्यांना काचा. काचांचा खर्च महिला मंडळ करेल. मंडळातल्या दोघींनी सही करायला “यजमानांना विचारून सांगते” म्हटलंय. त्यांच्या यजमानांना मी ते सूप दाखवलं असतं, पण बाईने ते तोवर उकिरड्यावर टाकलं होतं.