मालिका परत आली, दुपार परत आली नाही

दूरदर्शनवर 'दामिनी' लागायची त्या काळात एटापल्लीच्या आमच्या घरी अम्मी जोहरची नमाज आटोपून तांदूळ निवडायला बसायची. शेजारच्या काकू यायच्या, मागच्या गल्लीतली माडिया बाईही यायची. वीज गेली की भागही गेला. मग अहेरीहून आलेल्या एखाद्या पाहुणीला विचारून गोष्ट पुढे न्यायची.

परवा मी अम्मीला फोनवर एक जुनी मालिका लावून दिली. दहा मिनिटांत तिने फोन परत केला. म्हणाली, "एकटीनं काय बघायचं?"

हेच उत्तर अमेरिकेत एका कंपनीला फार महागात पडलं. 'वन लाइफ टू लिव्ह' 1968 पासून आणि 'ऑल माय चिल्ड्रन' 1970 पासून एबीसी वाहिनीवर दुपारी चालायच्या. 2011 मध्ये त्या बंद करायचं ठरलं, तेव्हा प्रेक्षक खवळले. प्रॉस्पेक्ट पार्क या कंपनीने 29 एप्रिल 2013 पासून दोन्ही मालिका इंटरनेटवर आणल्या. सुरुवातीला प्रत्येकीचे आठवड्याला चार नवे भाग येत. काही आठवड्यांतच ते दोनवर आले. लोक रोज बघत नाहीत, साठवून एकदम बघतात, असं कंपनीच्या लक्षात आलं. त्याच वर्षी दोन्ही बंद पडल्या, 2014 मध्ये दिवाळखोरी. एबीसीशी कोर्टकज्जा आणि कामगार संघटनेशी वाद ही कारणं होतीच. पण माझ्या मते मूळ चूक वेगळी होती. कंपनीने गोष्ट आणली. ती ठरलेली वेळ आणता आली नाही.

आपल्याकडे 'कुबूल है' वर्षानुवर्षं रोज चालली. 2021 मध्ये ती झी फाइव्हवर आली, तेव्हा दहा भागांत संपली. असद-झोया तेच, पण रोजची सवय लागायला दहा दिवस पुरतात का?

नोकरी करणाऱ्या माझ्यासारखीला हवं तेव्हा बघता येणं ही सोयच आहे, हे मी नाकारत नाही. पण घरातल्या बाईला हक्काचा एकच तास होता आणि त्या तासात वेगवेगळ्या घरांच्या बाया एका चटईवर बसत. आता त्याच गल्लीत एकमेकींकडे जायला निमित्त शोधावं लागतं.

रविवारी काकूंना बोलावलंय. फोन टीव्हीला जोडून देईन. नेटवर्क गेलं तरी हरकत नाही, तांदूळ निवडायचे आहेतच.