देखणी पुस्तिका आणि काळी शाई

“आपणही तशीच जबरदस्त पुस्तिका काढू या.” आपल्या बैठकांत हे वाक्य हल्ली वारंवार ऐकू येतं. पानभर फोटो, ठळक अक्षरं, गुळगुळीत कागद. समोरच्यांचा प्रचार देखणा आहे, मग आपला का नको? माझा याला विरोध आहे. कारण सांगतो.

१९३४ मध्ये सोव्हिएत राजवटीने ‘उझबेकिस्तानची दहा वर्षे’ हे भव्य पुस्तक छापलं. मांडणी अलेक्सांद्र रोदचेंको आणि त्यांची पत्नी वार्वारा स्तेपानोवा यांची. रोदचेंको म्हणजे तिरक्या कोनातून घेतलेले फोटो आणि कात्री लावून जोडलेली चित्रं यांचा उस्ताद. डिझाइनचे विद्यार्थी आजही त्यांचं काम अभ्यासतात. या पुस्तकात उझबेक नेत्यांचे रुबाबदार फोटो होते. तीन-चार वर्षांत स्टालिनने तेच नेतृत्व संपवलं. सरकारचे प्रमुख फैजुल्ला खोजाएव आणि पक्षाचे प्रमुख अकमल इक्रामोव यांना मार्च १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. ‘जनतेच्या शत्रूं’चे फोटो घरात ठेवणंही आता धोक्याचं होतं. म्हणून रोदचेंकोंनी स्वतःच्या प्रतीतले ते चेहरे काळ्या शाईने बुजवले. पुढे ती प्रत ब्रिटिश संग्राहक डेव्हिड किंग यांनी जगासमोर आणली.

लोक म्हणतात, बिचारा कलाकार, भीतीने केलं. भीती खरीच होती. पण त्याआधी, १९३३ मध्ये, याच कलाकाराने श्वेत समुद्र ते बाल्टिक कालव्यावरचा मासिकाचा अंक सजवला होता. तो कालवा कैद्यांनी खणला, हजारो मेले. अंकात मात्र श्रमाने माणूस सुधारतो, ही कहाणी होती. तेव्हा कुणाचा चेहरा बुजवावा लागला नाही. मेलेल्यांना पानावर घेतलंच नव्हतं.

मी सॉफ्टवेअरवाला. ‘हो’चं बटण मोठं आणि ‘नको’चं फिकट ठेवलं की लोक कुठे बोट ठेवतात, हे मला रोज दिसतं. आणि आपल्याच एका सभेचा फोटो मी असा कापला होता की अर्धा रिकामा हॉल भरलेला दिसावा. सगळ्यांनी शाबासकी दिली. मागच्या रांगेत एकटी बसलेली एक म्हातारी खाला त्या कापण्यात गेली. दुसऱ्या गावाहून ती तेवढ्यासाठी आली होती.

मग काय कुरूप छापायचं? अजिबात नाही. अक्षर वाचता येईल असं हवं, कागद बरा हवा. पण प्रत्येक फोटोखाली गाव आणि तारीख द्या. ज्याचा चेहरा छापता त्याला आधी विचारा. हॉल रिकामा असेल तर रिकामा दाखवा. आपल्याला न पटलेलं मतही एका पानावर येऊ द्या.

यामुळे पुस्तिका थोडी कमी जबरदस्त दिसेल. दिसू द्या. दहा वर्षांनी ती उघडताना कुणाला शाईची बाटली शोधावी लागणार नाही.