बोगद्याच्या अलीकडे, पलीकडे

18 सप्टेंबर 2025 रोजी आल्प्स पर्वताच्या पोटात, ब्रेनर खिंडीच्या खाली, ऑस्ट्रियाकडून आणि इटलीकडून चाललेली खोदाई एकमेकींना येऊन मिळाली. इटलीच्या पंतप्रधान जॉर्जिया मेलोनी आणि ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर क्रिस्टियान श्टोकर जातीने हजर होते. त्या दिवशी आरपार झाला तो पाहणीचा बोगदा. मुख्य बोगद्यांतून गाड्या धावायला 2032 उजाडेल. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकपासून इटलीतल्या फोर्तेझ्झापर्यंत 55 किलोमीटर, आणि इन्सब्रुकला वळसा घालणारा जुना बोगदा जोडून 64 किलोमीटर, असा हा जगातला सर्वांत लांब भूमिगत रेल्वेमार्ग होणार आहे. या कामाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. पण डोंगर फोडताना दाखवलेली जिद्द डोंगराबाहेर दिसली नाही, तर एवढा मोठा बोगदा पुढची कित्येक वर्षे अर्ध्या ताकदीनेच चालेल, हेही आताच बजावले पाहिजे.

ब्रेनरवरून रेल्वे जाते ती 1867 पासून. कार्ल फॉन एट्झेल या अभियंत्याने खिंडीखाली बोगदा न खणता रूळ थेट 1371 मीटर उंचीवरून नेले. तेव्हा खिंडीच्या दोन्ही अंगांना ऑस्ट्रियाचेच राज्य होते; सीमा आली ती पहिल्या महायुद्धानंतर. त्या मार्गाला हजार मीटरला 26 मीटरपर्यंत चढ आहे. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अशा चढावर जड मालगाडीचे काय होते ते वेगळे सांगायला नको. नवा बोगदा कुठेही 800 मीटरच्या वर जात नाही आणि त्याचा चढ हजाराला सातच्या आत आहे. इन्सब्रुक ते फोर्तेझ्झा हा आज 80 मिनिटे घेणारा प्रवास 25 मिनिटांवर येईल.

तरी हा खटाटोप प्रवाशांपेक्षा ट्रकांसाठी अधिक आहे. ब्रेनरच्या महामार्गावरून वर्षाला चोवीस लाखांच्या आसपास ट्रक जातात. स्वित्झर्लंडच्या सगळ्या घाटांतून मिळून जातात त्यांच्या दुपटीहून जास्त. अरुंद दरीत धूर आणि आवाज कोंडून राहतो, आणि तिथली गावे वर्षानुवर्षे त्यातच जगत आहेत. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांताने ट्रकांवर रात्रीची बंदी आणि इतर निर्बंध घातले, म्हणून इटलीने 2024 मध्ये युरोपीय न्यायालय गाठले. ज्या शेजाऱ्याबरोबर निम्मे-निम्मे भागीदार होऊन बोगदा खणायचा, त्याच्याशीच त्याच खिंडीवरून कोर्टकज्जे!

प्रत्यक्ष काम मात्र दृष्ट लागण्यासारखे झाले आहे. एकेरी मार्गाचे दोन मुख्य बोगदे समांतर जातात आणि दर 333 मीटरवर आडव्या वाटेने जोडलेले असतात. एकात आग लागली तर माणसांनी दुसऱ्यात निघून जायचे. दोहोंच्या मधोमध, सुमारे 12 मीटर खाली, पाहणीचा बोगदा. तो पुढे जाऊन खडक कसा आहे, पाणी कुठे आहे, हे आधी सांगतो आणि पुढे पाण्याच्या निचऱ्याला उपयोगी पडतो. दोन भूखंडांची जिथे टक्कर झाली तो ठिसूळ, चुरा झालेल्या खडकाचा पट्टा याच वाटेवर आहे. तिथे आंधळेपणाने यंत्र घातले असते तर ते अडकून पडले असते. किंमतही मोजावी लागली आहे. निघालेल्या दगडाने श्टायनाखजवळची पाडास्टर दरी भरत आणली आहे, त्यासाठी तिथला ओढा हलवावा लागला. कामाची मुदतही 2025 वरून 2028 आणि तिथून 2032 वर गेली.

आता खरी अडचण. उत्तरेकडून बोगद्याकडे येणारा माल जर्मनीतून येतो. ऑस्ट्रियाने इन नदीच्या खोऱ्यातला सुमारे 40 किलोमीटरचा नवा मार्ग 2012 मध्येच सुरू केला. इटलीनेही फोर्तेझ्झाच्या दक्षिणेला काम हाती घेतले आहे. जर्मनीत मात्र रोझेनहाइमच्या परिसरातला पन्नासेक किलोमीटरचा मार्ग कागदावरच आहे आणि तो 2040 च्या दशकाआधी होण्याचे चिन्ह नाही. तिथल्या शेतकऱ्यांचा जमिनीसाठीचा विरोध उडवून लावण्याजोगा नाही. त्यांचे ऐकून मार्गाचा अधिक भाग जमिनीखालून न्यावा लागला तर न्यावा, खर्च वाढला तरी. पण ऐकून घेणे वेगळे आणि विरोधाच्या आडून निर्णयच टाळणे वेगळे.

याचे फळ काय असते, ते गॉटहार्डने दाखवले आहे. स्वित्झर्लंडने 57 किलोमीटरचा बोगदा 2016 मध्ये खुला केला. ऱ्हाइनकाठचा जोडमार्ग वाढवण्याचे वचन जर्मनीने 1996 च्या लुगानो करारात दिले होते. ते आजही पुरे झालेले नाही. ऑगस्ट 2017 मध्ये राश्टाटजवळ नव्या बोगद्याचे काम चालू असताना वरचे रूळ खचले आणि युरोपच्या मुख्य मालमार्गावरची वाहतूक सात आठवडे बंद पडली. पर्यायी मार्ग तयारच नव्हता. तरीही स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सपार जाणाऱ्या मालापैकी सुमारे 70 टक्के माल रेल्वेने जातो, कारण 2001 पासून जड ट्रकांवर तिथे वजन आणि अंतर यांनुसार कर आहे. ब्रेनरवर ट्रक स्वस्त पडतो, म्हणून व्यापारी ट्रकच पाठवतो. उद्या बोगदा झाला म्हणून तो आपणहून रेल्वेकडे वळेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

म्हणून दोन गोष्टी 2032 च्या आधी झाल्याच पाहिजेत. जर्मन संसदेने रोझेनहाइमच्या मार्गाला मंजुरी आणि पैसा दोन्ही द्यावेत. आणि म्युनिकपासून व्हेरोनापर्यंत ट्रकांवरचा टोल तिन्ही देशांनी मिळून वाढवावा. युरोपीय संघाने या बोगद्यात मोठा वाटा घातला आहे. यापुढे सीमा ओलांडणाऱ्या अशा कोणत्याही कामाला पैसा देताना जोडमार्गांच्या तारखाही करारात बांधून घ्याव्यात, आणि तारीख चुकवणाऱ्या देशाकडून भरपाई वसूल करावी.