पुड्याच्या पाठीवरील मजकूर

आमच्या घरांत गेल्या दोन वर्षांपासून मिठाचा हिशेब चालू आहे. माझ्या कुटुंबास रक्तदाबाचा विकार जडला, आणि डॉक्टरांनीं बजावलें कीं, दिवसभरांत लहान चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षां अधिक मीठ पोटांत जातां कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेनें धडधाकट माणसासही हीच मर्यादा सांगितली आहे. त्या दिवसापासून पापड, लोणचें, सांडगी मिरची हें सर्व बंद झालें. भाजींत मीठ निम्म्यावर आलें. तरी दर महिन्याच्या तपासणींत यंत्रावरील आंकडा कांहीं उतरेना. शेवटीं डॉक्टरांनींच विचारलें, “काकू, बाजारांतून तयार असें काय काय घरीं येतें?” तेव्हां कोठें उलगडा झाला. आमची सूनबाई शाळेंत शिक्षिका आहे. सकाळच्या घाईंत उसळीस ती तयार मसाल्याची पुडी वापरी आणि संध्याकाळीं सासूबाईंस पचावयास हलकें म्हणून पुड्यांतील टोमॅटोचें सार करून देई. अळणी जेवण सासूबाईंच्या घशाखालीं उतरावें एवढाच तिचा हेतु. तिला दोष देतां येत नाहीं.

घरीं आल्यावर ते पुडे पुढ्यांत घेऊन बसलों. पुढील अंगास लालबुंद टोमॅटो, त्यावर दंवाचे थेंब. मागील अंगास मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. माझें इंग्रजी बेताचेंच. म्हणून नातवास हांक मारली. त्यानें भिंग लावून वाचून दाखविलें. प्रथम साखर, मग मक्याचें पीठ, मग मीठ, आणि त्यानंतर कोठें टोमॅटोची भुकटी. अगदीं शेवटीं ‘रुचि वाढविणारीं द्रव्यें, ६२७, ६३१.’ “अरे, हीं द्रव्यें म्हणजे काय?” असें मीं विचारतां तो म्हणाला, “आजोबा, नांव लिहिलेलेंच नाहीं, नुसते नंबर आहेत.”

महसूल खात्यांत माझीं तीस वर्षें नंबर लिहिण्यांतच गेलीं. नंबराचा मला कंटाळा नाहीं. पण गट नंबर सांगितला तर नकाशा काढून, बांधावर उभें राहून, ती जमीन कोणासही दाखवितां येते. येथें नंबर आहे आणि नकाशा दुकानदाराजवळही नाहीं. वाचकांस अनुभव असेलच कीं, सातबाराचा उतारा घेणारे पुष्कळ लोक वर कोणाचें नांव आहे तेवढेंच पाहतात. सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, विहिरींतील हिस्सा या गोष्टी ‘इतर हक्क’ या सदरांत असतात, आणि खरेदी करणारा बुडतो तो तेथेंच. पुड्याची पाठ हें त्या मालाचें ‘इतर हक्क’ सदर होय. जिन्नस कोणत्या क्रमानें लिहावे याला कायदा आहे: वजनानें जो अधिक तो आधीं, जो कमी तो नंतर. टोमॅटोच्या सारांत टोमॅटो मिठाच्याही मागें चौथा आला, याचा अर्थ कोणाही खातेदारास समजण्यासारखा आहे.

त्या नंबरांची चौकशी केली तेव्हां जें समजलें तें असें. टोकियो येथील विद्यापीठांत किकुनाए इकेदा हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जपानांत ‘कोंबु’ नांवाचें समुद्रांतील शेवाळ उकळून त्याच्या पाण्याचें सार करण्याची चाल आहे. त्या साराची रुचि गोड, आंबट, खारट, कडू यांपैकीं एकींतही बसत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि १९०८ सालीं त्यांनीं त्या शेवाळांतून ग्लुटामिक आम्ल वेगळें काढून तिचें कारण दाखविलें. त्या रुचीस त्यांनीं ‘उमामि’ असें नांव दिलें. आपल्या वैद्यकानें सांगितलेल्या सहा रसांतही ती नीटशी बसत नाहीं. पुढील सालीं, १९०९ मध्यें, त्या आम्लाचा सोडियमशीं संयोग करून केलेले पांढरे स्फटिक ‘अजिनोमोटो’ या नांवानें विक्रीस आले, आणि आपल्या बाजारांत आजही त्यांस त्याच नांवानें ओळखतात. पुड्यावर ६२१ म्हणून लिहितात तें हेंच. आरंभीं तें गव्हांतील प्रथिनापासून काढीत. पुढें जपानी संशोधकांनीं सूक्ष्म जंतूंकडून आंबवून तें करण्याची रीत बसविली. हल्लीं तें साखर, उसाची मळी किंवा पिष्ट आंबवूनच तयार होतें. म्हणजे ऊस लावणारांनीं अगदींच सोवळेपणा मिरवावा असें नाहीं.

६३१ हें द्रव्य सुकविलेल्या माशाच्या रुचीचा शोध घेतांना १९१३ सालीं हातीं आलें. ६२७ हें वाळविलेल्या अळंब्यांत असतें. हीं दोन्ही द्रव्यें एकटीं फारसा प्रभाव दाखवीत नाहींत. पण ग्लुटामेटच्या जोडीस चिमूटभर पडलीं कीं त्याची रुचि कित्येक पटींनीं चढते. म्हणून ज्या पुड्यावर ६२७, ६३१ किंवा त्यांचें मिश्रण ६३५ आहे, आणि ६२१ मात्र नाहीं, तेथें ग्लुटामेट दुसऱ्या एखाद्या जिनसांतून आलें असण्याचा संभव फार. त्याच यादींत ‘यीस्टचा अर्क’ किंवा ‘विघटित वनस्पतिप्रथिन’ असे शब्द सांपडतात का तें पाहावें. आमच्या पुड्यावर ते सांपडले.

आतां हें विष आहे काय? माझ्या ओळखीचे कांहीं गृहस्थ तसें छातीठोकपणें सांगतात. पण जें सिद्ध नाहीं तें लिहिणें मला बरें वाटत नाहीं. १९६८ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एका डॉक्टराचें पत्र आलें कीं, चिनी खाणावळींत जेवल्यानंतर मानेस बधिरता येते व छातींत धडधडतें. तेव्हांपासून या द्रव्याचें नांव वाईट झालें. परंतु पुढें ज्या चाचण्यांत खाणारास आपण काय खात आहों हें कळूं दिलें नाहीं, त्यांत ही तक्रार एकसारखी दिसून आली नाहीं. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोंत असतें, आईच्या दुधांतही असतें. युरोपांतील अन्नसुरक्षा संस्थेनें २०१७ सालीं वरून घातलेल्या ग्लुटामेटची मर्यादा माणसाच्या वजनाच्या दर किलोस रोजीं ३० मिलिग्रॅम ठरविली; म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारें पावणेदोन ग्रॅम. आपल्या देशांत ज्या पुड्यांत तें घातलें असेल त्यावर, १२ महिन्यांच्या आंतील बालकांस हा पदार्थ देऊं नये, असा इशारा छापणें बंधनकारक आहे.

या मालाची बाजू मांडणारे म्हणतात कीं, मिठांत सोडियम शेंकडा ३९ असतें आणि या स्फटिकांत शेंकडा १२ च, तेव्हां हें घालून मीठ कमी करतां येतें. हिशेब बिनचूक आहे. पण आमच्या पुड्यांत मीठ तिसरें होतें आणि हीं द्रव्यें त्यावर आणखी होतीं; एकाच्या बदलीं दुसरें आलेलें नव्हतें. घरांत ज्यांस रक्तदाब आहे त्यांनीं एक साधी रीत लक्षांत ठेवावी. पुड्यावरील पोषणाच्या कोष्टकांत सोडियम मिलिग्रॅममध्यें दिलेलें असतें. त्यास अडीचनें गुणावें, म्हणजे तेवढें मीठ झालें. १०० ग्रॅमला १००० मिलिग्रॅम सोडियम असेल तर अडीच ग्रॅम मीठ, म्हणजे दिवसाची निम्मी शिधापत्रिका तेथेंच संपली.

२०१५ सालच्या शेवयांच्या खटल्याची वाचकांस आठवण असेल. ‘मॅगी’च्या पुड्यांत शिसें अधिक आढळलें, आणि पुड्यावर ‘ग्लुटामेट घातलेलें नाहीं’ असें छापलें असतां तें आढळलें, या कारणांवरून केंद्रीय प्राधिकरणानें जून महिन्यांत तो माल बाजारांतून उठविला. ऑगस्टमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द करून माल पुन्हा तपासावयास सांगितला. त्या तपासणींत तो उतरला आणि नोव्हेंबरांत विक्री सुरू झाली. शिशाचा प्रश्न तेथें मिटला. ग्लुटामेटविषयीं कंपनीचें म्हणणें असें होतें कीं, आम्हीं तें वरून घातलें नाहीं, इतर जिनसांत तें स्वभावतःच आहे. पुढें २०१६ सालीं प्राधिकरणानेंच आपल्या अधिकाऱ्यांस कळविलें कीं, स्वाभाविक कोणतें आणि वरून घातलेलें कोणतें हें प्रयोगशाळेंत ओळखण्याची रीत उपलब्ध नाहीं. म्हणजे कारखान्यांत जाऊन पाहिल्यावांचून करणाराची नोंद हाच काय तो पुरावा उरतो. चावडींत बसून लिहिलेली पीकपाहणी आम्हीं पुष्कळ पाहिली आहे, आणि खोटें कशास बोलूं, डोळे मिटून पुढेंही पाठविली आहे. शेतांत ज्वारी आणि कागदावर ऊस अशी नोंद एकदां झाली कीं ती पुसतांना काय यातायात पडते हें ज्यानें अनुभविलें तोच जाणे. नोंद करणारा आणि नोंदीपासून फायदा उठविणारा एकच असला म्हणजे नोंदीस किती वजन द्यावें हें वाचकांनींच ठरवावें.

हा प्रश्न केवळ खाणारांचा असता तर या मासिकाची जागा मीं अडविली नसती. टोमॅटोचा भाव पडला म्हणजे आपल्याकडील शेतकरी उभ्या पिकांत जनावरें सोडतो, नाहीं तर क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो. आणि त्याच दिवशीं शहरांतील गृहिणी टोमॅटोच्या चित्राचे पैसे देऊन साखर, मक्याचें पीठ आणि मीठ घरीं नेते. टोमॅटो, लसूण, कांदा, धणे, सुकें खोबरें यांनीं सारास जी रुचि यावयाची ती आणण्यास माल पुष्कळ लागतो आणि मालास पैसा लागतो. चिमूटभर ६२७, ६३१ घातलें कीं थोड्या मालावर तीच रुचि भासवितां येते. माझी तक्रार या द्रव्यांच्या विषारीपणाची नाहीं. त्यांच्या आडून आपला माल पुड्यांतून कमी होत जातो, याची आहे. ज्या जिनसाचें चित्र किंवा नांव पुढें ठळक दाखविलें असेल त्याचें शेंकडा प्रमाण पाठीवर लिहावें, असा नियम आजही आहे. आपल्यापैकीं कितींनीं तो आंकडा कधीं वाचला आहे? मीं स्वतः या प्रसंगापूर्वीं वाचला नव्हता.

दुसऱ्याच्या पुड्यावर बोट ठेवतांना आपल्या गुऱ्हाळाकडेही पाहिलें पाहिजे. गिऱ्हाइकास पिवळाधमक गूळ हवा म्हणून कढईंत हायड्रॉसची पूड टाकणारे आपल्यांतच आहेत. भेंडीच्या चिकानें मळी काढून केलेला गूळ तांबूस दिसतो आणि व्यापारी त्यास भाव पाडून मागतो, ही अडचण मला ठाऊक आहे. तरीपण ढेपेवर तो मजकूर कोठें असतो? सुट्या फरसाणाचें आणि गाड्यावरील चटण्यांचें तर नांवच काढावयास नको. त्यांस पाठच नाहीं.

आतां करावयाचें काय, याविषयीं माझें मत थोडक्यांत मांडतों. पुड्यावरील मजकूर इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असावा असा नियम आहे. त्याशिवाय आणखी एखाद्या भाषेंत छापण्यास मनाई नाहीं. मनाई नाहीं म्हणूनच मराठी कोणी छापीत नाहीं. तेव्हां महाराष्ट्रांत विकल्या जाणाऱ्या मालावर जिनसांची यादी मराठींत सक्तीची करावी, अशी मागणी सोसायट्यांनीं एकत्र होऊन सरकारकडे केली पाहिजे. द्रव्याचा नुसता नंबर लिहिला तरी चालतो, ही सवलत काढून नांव लिहिणें भाग पाडावें. लोकांस समजेल अशी खूण करतां येत नाहीं, ही सबब खरी नव्हे. शाकाहारी मालास हिरवा ठिपका आणि मांसाहारी मालास तपकिरी त्रिकोण ही योजना अक्षरशत्रूसही कळते; आमच्या गांवचे माळकरी तो ठिपका पाहिल्याखेरीज बिस्किटासही शिवत नाहींत. तशीच एक खूण रुचि वाढविणाऱ्या द्रव्यांस कां नसावी?

सरकार ऐकेल तेव्हां ऐकेल. आपली सोसायटी हळद, मिरची पूड आणि गोडा मसाला विकते, आणि त्या पुड्यांवरील मजकूर कसा असावा हें तर आपल्याच हातीं आहे. मागील खेपेचा मसाल्याचा पुडा मीं पाहिला. त्यावरही यादी इंग्रजींतच आहे, कारण छापखान्याकडे तसा तयार नमुना होता, असें व्यवस्थापक सांगतात. ती यादी मराठींत, डोळ्यांस दिसेल अशा अक्षरांत आणि प्रत्येक जिनसाच्या शेंकडा प्रमाणासह छापावी, या अर्थाच्या ठरावाचा मसुदा मीं चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे, आणि तो पुढील मासिक सभेपुढें येईल. सभासदांनीं त्या दिवशीं येतांना आपापल्या घरांतील तयार मसाल्यांच्या व सारांच्या पुड्यांची पाठ कापून बरोबर आणावी. तालुक्याच्या शाळेंतील शास्त्रशिक्षकांनीं त्या वाचून दाखविण्याचें कबूल केलें आहे. भिंग मी घेऊन येईन.