काटकसरीची यात्रा

पाठीवर एकेक पिशवी टाकून आम्हीं एका जुन्या स्नेह्यासमवेत रोम पाहिलें व फ्लॉरेन्स गांठलें. निजावयास स्वस्त वसतिगृहांतील एकावर एक खाटा. वरची नेहमीं स्नेह्यांकडे. रोमांत रस्तोरस्तीं नळ वाहतात, पाण्यास दमडी पडत नाहीं. फ्लॉरेन्सचा पाव मात्र अळणी. तेथें घरचें लिंबाचें लोणचें कामास आलें. खजिनदारी अर्थातच आमच्याकडे.

फ्लॉरेन्सच्या महामंदिराचा घुमट ब्रुनेलेस्कीनें १४२० ते १४३६ या काळांत, जमिनीपासून आधाराचा लाकडी सांगाडा न उभारतां बांधिला. वर जाण्यास ४६३ पायऱ्या व निराळें तिकीट. खालीं मंदिरांत प्रवेश विनामूल्य. "खालूनच दर्शन पुरे," असा आम्हीं निर्णय दिला. स्नेही कांहीं बोलले नाहींत.

रात्रीं त्यांच्या वहींत घुमटाच्या दुहेरी कवचाची स्वहस्तें काढलेली आकृति दिसली. खालीं तारीख होती, आमच्या प्रस्थानाच्या तीन वर्षें आधींची!

सकाळीं धांवत गेलों. पण तिकिटें वेळ नेमून आगाऊ घ्यावीं लागतात. त्या दिवसाचीं संपलीं होतीं आणि व्हेनिसची गाडी दुपारची.

गाडींत स्नेह्यांनीं लोणच्याची बरणी आमच्यापुढें सरकविली. "एकच फोड उरली आहे, घ्या," म्हणाले.